त्रिकोणी सोंगट्यांचा सरकता खेळ : शक्य आणि अशक्य यांचा एक अभ्यास

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. परंतु काही खेळ असे असतात की त्यांच्या पाठीशी एखादे शास्त्र उभे असते. खेळणाऱ्याला ते दिसत नाही, तरी त्याच्या प्रत्येक चालीवर त्याचे राज्य चालते. संगणकाच्या पडद्यावर खेळला जाणारा त्रिकोणी सोंगट्यांचा सरकता खेळ हा असाच एक प्रकार होय. एका मोठ्या त्रिकोणात लहान लहान त्रिकोणी घरे असतात. एक घर सोडून बाकी सर्व घरांत आकडे लिहिलेल्या सोंगट्या असतात. मोकळ्या घराला लागून असलेली सोंगटी त्या घरात सरकवायची आणि विस्कटलेले आकडे पुन्हा क्रमाने लावायचे, एवढाच हा खेळ. नियम लहान मुलालाही समजतील इतके सोपे आहेत. मात्र कित्येकदा तासन्‌तास प्रयत्न करूनही शेवटच्या दोन सोंगट्या काही केल्या जागेवर येत नाहीत. अशा वेळी प्रश्न पडतो : आपल्याला जमत नाही, की हे होणेच शक्य नाही? या दोहोंतील फरक ओळखता येणे ही या खेळाची खरी शिकवण आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ती तितकीच उपयोगी आहे.

मूळ चौकोनी खेळाचा इतिहास

त्रिकोणी खेळाचा पूर्वज म्हणजे चार बाय चारच्या चौकटीतील पंधरा सोंगट्यांचा प्रसिद्ध खेळ. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कॅनस्टोटा नावाचे गाव आहे. तेथील पोस्टमास्तर नॉइस पामर चॅपमन यांनी १८७४ च्या सुमारास आपल्या मित्रांना सोळा आकडी ठोकळ्यांचे एक कोडे दाखवले होते. चार-चारच्या ओळी अशा लावायच्या की प्रत्येक ओळीची बेरीज ३४ यावी. आपल्याकडे भद्रगणित या नावाने ही विद्या फार जुनी आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात ३४ बेरजेचा असाच चौरस कोरलेला आहे. पुढे चॅपमन यांच्या कोड्यातील एक ठोकळा काढून टाकला गेला आणि उरलेले पंधरा सरकवण्याचा खेळ तयार झाला. हार्टफर्ड येथील मूकबधिर विद्यालयाचे विद्यार्थी तो तयार करू लागले. डिसेंबर १८७९ मध्ये बॉस्टनच्या मॅथायस राइस या व्यावसायिकाने ‘जेम पझल’ या नावाने तो बाजारात आणला. १८८० च्या प्रारंभी अमेरिकेत आणि त्यानंतर युरोपात या खेळाचे अक्षरशः वेड पसरले. चॅपमन यांनी फेब्रुवारी १८८० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, परंतु तो नामंजूर झाला.

यानंतरची कथा इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. सॅम लॉइड हे अमेरिकेतील नामांकित कोडेकार. १८९१ पासून १९११ साली मृत्यू येईपर्यंत ते हा खेळ आपणच शोधला असे सांगत राहिले. जगानेही ते खरे मानले आणि पुस्तकांमागून पुस्तकांत तोच उल्लेख उतरवला गेला. अखेर २००६ साली जेरी स्लोकम आणि डिक सोनेव्हेल्ड या दोघांनी जुनी वृत्तपत्रे व कागदपत्रे तपासून या दाव्यात तथ्य नसल्याचे दाखवून दिले. मोठ्या माणसाने अनेकदा सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हा धडा येथे आपोआप मिळतो.

लॉइड यांच्या नावाशी जोडले गेलेले दुसरे प्रकरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. सर्व सोंगट्या जागेवर आहेत, फक्त १४ आणि १५ यांची अदलाबदल झाली आहे. ती दुरुस्त करणाऱ्यास एक हजार डॉलर! बक्षीस मोठे होते, पण ते देण्याची वेळ कधीच येणार नव्हती. ही मांडणी सुटणे अशक्य आहे, याची सिद्धता विल्यम जॉन्सन आणि विल्यम स्टोरी या दोन गणितज्ञांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाच्या १८७९ च्या खंडात आधीच देऊन ठेवली होती.

सम आणि विषम

ही सिद्धता समजण्यास गणिताची पदवी लागत नाही. काही वस्तू एका ओळीत मांडल्या आहेत असे समजू. शेजारच्या दोन वस्तूंची अदलाबदल केली, तर ‘मोठा आकडा आधी व लहान नंतर’ अशा उलट्या जोड्यांची संख्या बरोबर एकाने वाढते किंवा एकाने कमी होते. म्हणजे ती समची विषम किंवा विषमची सम होते. ज्या दोन वस्तूंच्या मध्ये इतर वस्तू आहेत, त्यांची अदलाबदल शेजार-शेजारच्या अदलाबदलींनी करायची, तर अशा अदलाबदली नेहमी विषम संख्येनेच कराव्या लागतात. मध्ये एक वस्तू असेल तर तीन, दोन असतील तर पाच, याप्रमाणे. तात्पर्य, कोणत्याही दोन वस्तूंची एक अदलाबदल मांडणीची जात बदलते. सम मांडणी विषम होते आणि विषम मांडणी सम.

आता खेळाकडे वळू. मोकळे घर हीही एक अदृश्य सोंगटीच आहे असे मानले, तर प्रत्येक चाल म्हणजे मोकळे घर आणि एक सोंगटी यांची अदलाबदल होय. चौकोनी फळी बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळ्या-पांढऱ्या घरांनी रंगवली, तर मोकळे घर प्रत्येक चालीला काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जाते. ते जेथून निघाले तेथेच परत येण्यासाठी चालींची संख्या सम असलीच पाहिजे. म्हणून त्या वेळी झालेल्या अदलाबदलीही समच असतात. केवळ १४ आणि १५ यांची अदलाबदल ही मात्र एकच, म्हणजे विषम. सम चालींनी विषम फळ मिळणे नाही. हजार डॉलरच काय, लाख डॉलर लावले तरी उत्तर हेच राहील.

पंधरा सोंगट्या व एक मोकळे घर यांच्या एकूण मांडण्या २,०९,२२,७८,९८,८८,००० होतात. त्यांपैकी बरोबर निम्म्या, म्हणजे १,०४,६१,३९,४९,४४,००० मांडण्यांपर्यंतच खेळाडू पोहोचू शकतो. मांडण्या मोजण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे आलटून पालटून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील, असा प्रश्न त्यात विचारला आहे. उत्तर ३६,२८,८०० असे येते. हरीच्या चार हातांच्या बाबतीत ते २४ आहे. आपला खेळ म्हणजे याच प्रश्नाचे पुढचे पाऊल होय : सर्व भेद मोजून झाल्यावर, त्यांपैकी कोणते भेद ठरावीक नियमांनी हाती लागतील?

त्रिकोण लाकडात का सरकत नाही

चौकोनी सोंगटी शेजारच्या चौकोनी घरात सहज सरकते, कारण दोन्ही घरांचे तोंड एकाच बाजूला असते. त्रिकोणांचे तसे नाही. समभुज त्रिकोणांच्या जाळीत एक त्रिकोण उभा, म्हणजे टोक वर असलेला, तर त्याला लागून असलेला प्रत्येक त्रिकोण उलटा, म्हणजे टोक खाली असलेला असतो. उभी सोंगटी उलट्या घरात नुसती सरकवून बसत नाही. ती फिरवावी लागते, आणि फिरवताना तिचे टोक शेजारच्या सोंगट्यांवर आदळते. लाकडी खेळ करायचाच झाला तर लागून असलेली दोन घरे मोकळी ठेवावी लागतील. मग उभी सोंगटी मधले उलटे घर ओलांडून पलीकडच्या उभ्या घरात जाऊ शकेल. पण या पद्धतीत उभी सोंगटी सदैव उभ्याच घरात आणि उलटी उलट्याच घरात राहील. एकाच फळीवर दोन जाती नांदतील आणि त्यांची सरमिसळ कधीच होणार नाही.

संगणकाच्या पडद्यावर ही अडचण राहत नाही. तेथे सोंगटी म्हणजे केवळ चित्र. दोन घरांच्या सामाईक बाजूच्या मध्यबिंदूभोवती ते अर्धे वर्तुळ फिरवले की उभ्या त्रिकोणाचा उलटा त्रिकोण होतो आणि तो शेजारच्या घरात चपखल बसतो. कोणाचे टोक कोणावर आदळण्याचा प्रश्नच येत नाही. येथे एक शंका येईल : फिरत फिरत सोंगटी वाकडी-तिकडी तर होणार नाही ना? नाही. प्रत्येक चालीत ती बरोबर अर्धे वर्तुळ फिरते आणि घराची जातही बदलते. म्हणून कोणत्याही वाटेने गेली, तरी ती उभ्या घरात एकाच स्थितीत आणि उलट्या घरात त्याच्या बरोबर विरुद्ध स्थितीत असणार. आकड्यांऐवजी एखादे चित्र कापून सोंगट्या केल्या, तरी चित्र जुळवताना वेगळी अडचण येत नाही.

सोळा घरांची त्रिकोणी फळी

ज्या त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूवर चार लहान त्रिकोण बसतात, त्यात एकूण सोळा घरे होतात. दहा उभी आणि सहा उलटी. म्हणजे येथेही पंधरा सोंगट्या व एक मोकळे घर. वरून खाली व डावीकडून उजवीकडे घरांना असे क्रमांक देऊ :

पहिली ओळ : १
दुसरी ओळ : २, ३, ४
तिसरी ओळ : ५, ६, ७, ८, ९
चौथी ओळ : १०, ११, १२, १३, १४, १५, १६

प्रत्येक ओळीतील पहिले घर उभे, दुसरे उलटे, तिसरे उभे, याप्रमाणे. एका ओळीतील लागोपाठची घरे एकमेकांना लागून आहेत. शिवाय वरच्या ओळीतील उभे घर खालच्या ओळीतील उलट्या घराला टेकते. अशा जोड्या १ व ३, २ व ६, ४ व ८, ५ व ११, ७ व १३, ९ व १५ या होत. प्रत्येक घरात त्याच क्रमांकाची सोंगटी ठेवू आणि मधले ७ क्रमांकाचे घर मोकळे सोडू.

प्रथम कोपरे पाहू. १, १० आणि १६ या घरांना प्रत्येकी एकच शेजारी आहे. मोकळे घर कोपऱ्यात गेले, तर कोपऱ्यातली सोंगटी शेजारच्या घरात येते. पण तेथून मोकळ्या घराला बाहेर पडण्यास दुसरी वाटच नाही. त्याच सोंगटीला पुन्हा कोपऱ्यात ढकलूनच ते बाहेर येऊ शकते. म्हणजे कोपऱ्यातल्या तिन्ही सोंगट्या कायमच्या जखडलेल्या आहेत. त्या आधीच आपल्या जागी नसतील, तर खेळ संपलाच. चौकोनी फळीत असे होत नाही, कारण तेथील कोपऱ्याला दोन शेजारी असतात.

कोपरे वगळले की तेरा घरे उरतात. ती तीन षट्कोनी चक्रांची बनलेली आहेत. वरचे चक्र २, ३, ४, ८, ७, ६ यांचे. डावे चक्र ५, ६, ७, १३, १२, ११ यांचे. आणि उजवे चक्र ७, ८, ९, १५, १४, १३ यांचे. मधले ७ हे घर तिन्ही चक्रांत येते. एका बाजूवर तीनच लहान त्रिकोण असलेली, म्हणजे नऊ घरांची फळी घेतली, तर तीत असे एकच चक्र असते. एका चक्रात पाच सोंगट्या गोल गोल फिरतात, पण त्यांचा आपसांतला क्रम कधीच बदलत नाही. त्या चक्रावर साऱ्या मिळून तीसच मांडण्या होतात. नऊ घरांच्या चौकोनी फळीवर मात्र १,८१,४४० मांडण्या साधतात. म्हणून त्रिकोणी खेळाला खरा रंग सोळा घरांपासूनच चढतो.

येथेही मोकळे घर प्रत्येक चालीला उभ्यावरून उलट्यावर किंवा उलट्यावरून उभ्यावर जाते. त्यामुळे सम-विषमाचा नियम जसाच्या तसा लागू पडतो. केवळ दोन सोंगट्यांची अदलाबदल येथेही अशक्यच.

बावीस चालींची युक्ती

अशक्य काय ते कळले. आता शक्य काय ते पाहू. दोन सोंगट्यांची अदलाबदल होत नसली, तरी तीन सोंगट्यांचे चक्र फिरवता येते. मोकळे घर ७ वर असताना ते पुढील क्रमाने न्यावे :

७ – ६ – २ – ३ – ४ – ८ – ७ – १३ – १४ – १५ – ९ – ८ – ४ – ३ – २ – ६ – ७ – ८ – ९ – १५ – १४ – १३ – ७

या बावीस चालींनंतर ६ ची सोंगटी ८ च्या घरात, ८ ची १३ च्या घरात आणि १३ ची ६ च्या घरात गेलेली दिसेल. बाकी सर्व सोंगट्या जेथल्या तेथे! वाचकांनी कागदाचे पंधरा कपटे कापून हे स्वतः करून पाहावे. संगणक हाताशी नसला तरी चालेल.

यामागचे तत्त्व मोठे मनोहर आहे. प्रथम वरचे चक्र फिरवले, मग उजवे फिरवले. त्यानंतर वरचे उलट फिरवले आणि शेवटी उजवे उलट फिरवले. एकूण चोवीस चाली झाल्या. त्यांपैकी मधल्या दोन, म्हणजे ८ वरून ७ वर येणे आणि लगेच ७ वरून ८ वर जाणे, एकमेकींना रद्द करतात, म्हणून बावीस उरल्या. मोकळे घर बाजूला ठेवले तर दोन्ही चक्रांत सामाईक असे ८ हे एकच घर आहे. बाकी सर्व ठिकाणी केलेले काम उलट फिरवताना पुसले जाते. केवळ या सामाईक घराच्या जवळ जी गुंतागुंत झाली तेवढीच शिल्लक राहते. दार उघडणे, आत जाणे, दार लावणे आणि बाहेर येणे या क्रिया कोणत्याही क्रमाने करता येत नाहीत. क्रम बदलला की फळ बदलते. येथेही नेमके क्रमातील या फरकाचेच फळ मिळते.

हव्या त्या तीन सोंगट्या प्रथम ६, ८ व १३ या घरांत आणायच्या, ही युक्ती करायची, आणि आणताना केलेल्या चाली उलट क्रमाने परत करायच्या. म्हणजे कोणत्याही तीन सोंगट्यांचे चक्र फिरवता येते. अशा चक्रांनी सर्व सम मांडण्या साधतात. अशा सर्व खेळांना लागू पडणारे व्यापक प्रमेय रिचर्ड विल्सन या गणितज्ञाने १९७४ साली सिद्ध केले आहे. त्यानुसार आपल्या तेरा घरांवर बरोबर निम्म्या, म्हणजे ३,११,३५,१०,४०० मांडण्या साध्य होतात.

संगणकाचे काम

सरकत्या सोंगट्या आणि संगणक यांची मैत्री जुनी आहे. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकात पंधरा सोंगट्यांचा खेळ आरंभापासून दिलेला होता. संशोधकांनी याच खेळावर शोधपद्धतींची परीक्षा घेतली. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीचे सार असे : प्रत्येक सोंगटी आपल्या घरापासून किमान किती चाली दूर आहे ते मोजावे आणि त्यांची बेरीज करावी, तिच्यापेक्षा कमी चालींत काम होणे नाही, म्हणून ज्या वाटेची आशा अधिक ती आधी तपासावी. १९८५ साली रिचर्ड कॉर्फ यांनी ही पद्धत अत्यंत थोड्या स्मृतीत चालेल अशी सुधारली आणि पंधरा सोंगट्यांच्या कोड्याची सर्वांत कमी चालींची उत्तरे काढून दाखवली. चौकोनी फळीवरील कोणतेही सुटणारे कोडे जास्तीत जास्त ८० चालींत सुटते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. आठ सोंगट्यांच्या लहान फळीसाठी हा आकडा ३१ आहे.

परंतु खेळाडूच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. संगणक सोंगट्या विस्कटतो तरी कसा? मांडलेल्या क्रमापासून निघून त्याने नियमाच्याच चाली वेड्यावाकड्या केल्या, तर कोडे नेहमी सुटणारे असते, कारण त्याच वाटेने परत येता येते. पण सोंगट्या पत्त्यांप्रमाणे पिसून घरांत टाकल्या, तर काय होईल? चौकोनी फळीवर मोकळे घर ठरलेल्या जागी असताना निम्मी कोडी न सुटणारी निघतील. आपल्या त्रिकोणी फळीवर स्थिती फारच बिकट आहे. तेथे तिन्ही कोपरे नेमके बरोबर पडले पाहिजेत आणि शिवाय मांडणी सम असली पाहिजे. तेरा, चौदा व पंधरा यांचा गुणाकार २,७३०. त्याची दुप्पट ५,४६०. म्हणजे ५,४६० कोड्यांपैकी सरासरीने एकच सुटणारे! बाकीच्या कोड्यांशी झटणारा खेळाडू स्वतःला मंदबुद्धी समजत बसेल आणि दोष मात्र असेल विस्कटणाऱ्याचा.

म्हणून खेळायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, कोपऱ्यातल्या सोंगट्या जागेवर आहेत का. दोन, मोकळे घर मूळ जागी आणल्यावर, उरलेल्या सोंगट्या उचलून दोन-दोनच्या अदलाबदलींनी जागेवर लावायच्या झाल्या तर किती अदलाबदली लागतात. त्या सम असतील तर खुशाल खेळावे. विषम असतील तर खेळ बंद करून दुसरे काम करावे. त्यात पराभव नाही.

समारोप

‘मला जमत नाही’ हे विधान माझ्याविषयी असते. ‘हे अशक्य आहे’ हे विधान त्या गोष्टीविषयी असते. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. हजार लोकांनी हजार वेळा प्रयत्न करून हात टेकले, तरी अशक्यता सिद्ध होत नाही. आणि सम-विषमाचा साधा विचार केला, तर एकही सोंगटी न हलवता ती सिद्ध होते. आपल्या जीवनातही अनेक प्रश्न असेच विस्कटलेले समोर येतात. त्यांपैकी काही केवळ चिकाटी मागतात, काही बावीस चालींची युक्ती मागतात, तर काही असे असतात की त्यांची मांडणीच सदोष असते. आपल्या वाट्याला आलेला प्रश्न यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम विचारण्याची सवय लागली, तर या खेळात घालवलेला वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.